सात गुणांची चित्रकला

दहावीच्या निकालात चित्रकलेचा भाव ठरलेला आहे. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की सात गुण, बी मिळाली की पाच, सी मिळाली की तीन. सातारा-सांगलीकडच्या शाळांमधल्या मुलांना हा दर तोंडपाठ असतो, त्यांच्या आईवडलांनाही असतो. म्हणूनच ते सात गुण एकदा गुणपत्रिकेत जमा झाले की घरातली चित्रकला संपते. रंगपेटी माळ्यावर जाते आणि मुलगा अकरावी सायन्सला.

सात गुणांना माझा विरोध नाही. त्यांच्यामुळे तरी खेड्यापाड्यातल्या पोरांच्या हातात ब्रश येतो. पण त्या गुणांसाठी आपण मुलांकडून काय करून घेतो ते बघा. स्मरणचित्र म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं आठवून काढायचं. प्रत्यक्षात मुलं भाजीमंडई, बसस्टॉप, पतंग उडवणारी पोरं अशी चार-पाच चित्रं पाठ करून जातात. तासगावात बेदाण्याच्या शेडशेजारी राहणारी मुलगीसुद्धा परीक्षेत गाईडमधली मंडई काढते. रोज दिसणारी ती शेड कागदावर उतरवता येते, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तिचा हात तयार होतो, नजर आहे तिथंच राहते.

यात चित्रकलेच्या सरांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांना आपण काय दिलंय? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षक सांगितला तो अर्धवेळ, आणि तोही शाळेचा पट शंभराच्या वर असेल तर. वाडीवस्तीवरच्या छोट्या शाळेनं काय करायचं? आमच्या शाळेत सहामाही जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जायचा. गणिताचा तास चित्रकलेला गेल्याचं मी एकदाही पाहिलं नाही.

'चित्रं काढून पोट भरत नाही, इंजिनिअर हो,' असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच भागाचा इतिहास जरा बघावा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला गेले ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला. रंग ओळखण्यात दोष असल्याचं कळलं आणि रंगकाम सुटलं, पण रेखाटन सुटलं नाही. यंत्रांची ड्रॉइंग काढण्यात ते तयार झाले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले आणि पुढं त्यांनी लोखंडी नांगर बनवले. बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजानं त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली. 1910 साली तिथं वसली ती किर्लोस्करवाडी, आजच्या सांगली जिल्ह्यातली. हे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. सातारा जिल्ह्यातल्या औंधला त्यांनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं तिथं आहेत, हेन्री मूरचं शिल्पही आहे. म्हणजे ज्या कारखान्याचं नाव आपण अभिमानानं घेतो, तो चित्रकला शिकायला निघालेल्या माणसानं चित्रकार राजाच्या आधारानं उभा केला.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हाच धागा पुन्हा हातात येतो. एखादा घन मनातल्या मनात फिरवायचा आणि वरून, समोरून, बाजूनं कसा दिसेल ते काढायचं. इंटरमिजिएटच्या घनभूमितीत याची सुरुवात झालेली असते. मधली दोन वर्षं कागद बंद राहिलेला असतो. मग हॉस्टेलवर काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट छापतात. त्याला जीटी मारणं म्हणतात. पाठ केलेल्या मंडईची ही पुढची इयत्ता.

आता नवा युक्तिवाद आलाय : 'एआय एका मिनिटात चित्र काढून देतं, तू कशाला डोकं घालतोस?' मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एआय कोडही लिहून देतं. मग इंजिनिअरिंगच्या क्लासची फीसुद्धा थांबवा की! ती कुणी थांबवत नाही. चित्र काढणाऱ्या मुलाला मात्र लगेच यंत्राची भीती घातली जाते. कृष्णेच्या घाटावर तासभर बसून पाण्यातलं पायऱ्यांचं प्रतिबिंब काढणाऱ्या मुलीला त्या तासात जे दिसायला लागतं, ते तयार चित्र डाउनलोड करून तिला मिळणार नाही.

पोटाची काळजी खोटी नाही. माण, खटाव, जत, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या बापानं हिशेब करायचाच. पण हिशेब एकसारखा करा. खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगला घालताना कर्ज काढतो, तेव्हा नोकरीची हमी मागत नाही. कला महाविद्यालयाचं नाव काढलं की पहिला प्रश्न हमीचा. कुणी सुधीर पटवर्धनांचा दाखला देईल : सांगलीत वाढले, आधी डॉक्टर झाले, ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होते, चित्रकारही झाले. दाखला चांगला आहे, पण तो पुरता घ्या. डॉक्टरी चालू असताना त्यांनी ब्रश खाली ठेवला नव्हता. आपल्याकडं 'आधी डिग्री, मग छंद' याचा अर्थ मुलानं रंगपेटीला हातच लावायचा नाही, असा होतो.

प्रत्येकानं चित्रकार व्हावं असं माझं म्हणणं नाही. चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका. अकरावी-बारावीत आठवड्यातले दोन तास कागदासाठी सोडा. ज्याला कलाशिक्षणच घ्यायचंय, त्याचा प्रवेश अर्ज इतर अर्जांसारखाच भरा.

आणि तुम्ही स्वतः अकरावीत असाल, तर रंगपेटी माळ्यावरून खाली काढा. एखाद्या रविवारी एसटीनं औंधला जा, जाताना वही न्या. परत आल्यावर घरच्यांनी एवढंच करावं : वही मागून घ्यावी, पानं सावकाश उलटावीत आणि याचे गुण किती, हे विचारू नये.