खाण्याचे धान, पेरण्याचे धान

दिवाळीच्या तोंडावर घर आवरण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, फडताळांतले कागद उलटेपालटे होतात, रद्दीवाल्याला हाक जाते. आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ व ‘दहा वर्षांत लागले नाही, आता काय लागणार!’ या दोन पक्षांत घरोघर जुंपते. अलीकडे या आवराआवरीत एका नव्या फडताळाची भर पडली आहे. ते खिशात मावते, पण त्याची कुरकुर सगळ्या माळ्याला पुरून उरते. लक्ष्मीपूजनाचा फोटो काढायला फोन उचलावा, तर तो म्हणतो, ‘जागा शिल्लक नाही!’

‘बत्तीस जीबीचा म्हणून घेतला, मग बत्तीस जीबी गेले कुठे?’ असा सवाल मग घरातली वडील मंडळी करतात. सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी फोनला जुन्या वाड्याच्या जागी कल्पावे.

आपल्याकडच्या बहुतेक फोनांत अँड्रॉइड ही यंत्रणा असते आणि तिचा गाभा लिनक्सचा. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ साली तो स्वतःच्या संगणकासाठी लिहायला घेतला. एका यंत्रावर अनेकांनी राहावे, पण कुणी कुणाच्या खोलीत डोकावू नये, हा या कुळाचा जुना शिरस्ता. अँड्रॉइडने तोच अ‍ॅप्सना लावला. वाड्याचा पुढचा भाग यंत्रणेचा. तिथे आपल्याला प्रवेश नाही, मग वाडा आपण रोख पैसे मोजून घेतलेला का असेना! उरलेल्या जागेत अ‍ॅप्सची बिऱ्हाडे. प्रत्येकाची खोली निराळी, कुलूप निराळे. आणि मधला चौक सामाईक: फोटो, चित्रफिती, उतरवून घेतलेल्या फायली, सगळे तिथे. बत्तीसातले आठ-दहा जीबी पुढच्या भागातच खर्ची पडतात. तिथे हात घालण्याच्या युक्त्या कुणी सांगितल्या तरी त्या वाटेला जाऊ नये. भिंत पाडून खोली मोठी करण्यातला तो प्रकार आहे.

तेव्हा झाडू घ्यावा तो चौकातून. तिथली मुख्य अडगळ कोणती हे शोधायला दूर जावे लागत नाही. सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा आणि ‘शुभ सकाळ’! आपल्या देशातल्या या प्रभातकालीन सौजन्याने फोन इतके तुंबू लागले की गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये ‘फाइल्स गो’ नावाचे झाडलोटीचे अ‍ॅप काढले आणि तसली चित्रे हुडकून काढण्याची सोय त्यात केली. आज ते ‘फाइल्स’ या नावाने चालते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्येही ‘स्टोरेज’ या सदरात कुठल्या गटाने किती जागा अडवली याची यादी मिळते. सर्वांत मोठ्या चित्रफिती वरच दिसतात. त्या पुसाव्या, आणि चित्रे आपोआप उतरण्याची सोय बंद करावी, म्हणजे पुढच्या दिवाळीला काम निम्मे. पुसलेले फोटो पुष्कळदा कचरापेटीत काही दिवस पडून असतात. तीही रिकामी करावी, नाही तर कचरा उंबऱ्याच्या आतच राहतो.

निवडण्याचा कंटाळा येत असेल, तर आमच्या चंद्रपूरकडच्या ताडोबाची आठवण ठेवावी. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. ताडोबाचे जंगलही त्या गणनेत होते. एकूण छायाचित्रे निघाली ३,४८,५८,६२३. त्यांत वाघ किती छायाचित्रांत? ७६,६५१. म्हणजे साडेचारशे चित्रांमागे जेमतेम एक! आपल्या फोनमधले प्रमाणही याहून फारसे बरे नसावे. पण वाघाचे ते एक चित्र हाती लागावे म्हणून बाकीची सगळी चाळावी लागली, हेही विसरू नये.

चौक झाडून झाला की बिऱ्हाडांकडे वळावे, आणि खरी जोखीम इथेच आहे. सेटिंगमध्ये एखादे अ‍ॅप उघडून ‘स्टोरेज’वर गेले की दोन बटणे शेजारी शेजारी दिसतात. एक ‘कॅशे साफ करा’. दुसरे ‘डेटा साफ करा’, काही फोनांत ‘स्टोरेज साफ करा’. कॅशे म्हणजे अ‍ॅपने पुन्हा पुन्हा आणण्याचा खटाटोप नको म्हणून हाताशी ठेवलेले सामान. ते पुसले तर फार तर पुन्हा आणावे लागेल. डेटा म्हणजे बिऱ्हाडाचा संसारच. ते बटण दाबले की अ‍ॅप कोरे करकरीत. आतली नोंद दुसरीकडे पोचली असेल तर परत मिळेल, नसेल तर गेली.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा भेद बारीक वाटेल, कारण तिथे लिहिलेली ओळ क्षणात दूरच्या संगणकावर पोचते. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात तसे नाही. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात रेंज शोधत चढावर जाणारी माणसे मुळीच दुर्मिळ नाहीत. व्याघ्र प्रकल्पातला वनरक्षक गस्तीला निघतो तेव्हा ‘एम-स्ट्राइप्स’ अ‍ॅप त्याची वाट, दिसलेले ठसे, आढळलेल्या खुणा फोनमध्येच टिपून ठेवते. रेंजमध्ये आल्यावर ती नोंद पुढे जाते. तोवर दिवसभराच्या पायपिटीचा पुरावा त्या एवढ्याशा यंत्रात असतो, आणि जगात दुसरीकडे कुठेही नसतो. जागा करण्याच्या घाईत चुकीचे बटण दाबले, तर पाय दुखलेले तेवढे राहतात!

झाडलोटीने सगळेच भागते असेही मात्र मानू नये. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर अंगणवाडी सेविकांनी सरकारकडून मिळालेले फोन परत केले. बालकांच्या पोषणाची नोंद ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपवर करायची. फोन दोन जीबी रॅमचे. ते अडखळत, तापत, दुरुस्तीचा खर्च अंगावर येई, आणि वर अ‍ॅपची भाषा इंग्रजी. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि स्टोरेज म्हणजे कोठी. कोठी कितीही आवरली तरी ओटा वीतभरही वाढत नाही. तेव्हा ‘बाई, फोटो पुसा म्हणजे चालेल’ हे त्या सेविकेला पुरेसे उत्तर नव्हते. जिच्या हाती मुलाच्या वजनाचा हिशेब द्यायचा, तिला तो मावेल एवढे यंत्र देणे ही देणाऱ्याची जबाबदारी होय. काटकसर हा गुण खरा, पण तो फक्त गरिबालाच शिकवायचा, हा न्याय नव्हे.

या झाडीपट्टीत दिवाळीच्या सुमारास हलके धान कापणीला येते. मळणी झाली की घरातली जाणती बाई दोन वाटे करते: खाण्याचे धान वेगळे, बियाण्याचे वेगळे. पोत्यातले धान संपले तर उसने आणता येते. राखलेले बियाणे शिजवून खाल्ले, तर पुढच्या मृगात पेरायचे काय? नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या ‘पटेल ३’ जातीच्या पिकात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढून प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या आणि पुढे पेरून पाहिल्या. मनगटी घड्याळाचे नाव मिरवणारा ‘एचएमटी’ तांदूळ त्यातून आला आणि दूरदूरच्या ताटांत पोचला. २०१८ साली दादाजी गेले. त्यांच्या घरी ती मूठभर लोंब्यांची पिशवी कुणी आवराआवरीत झाडून टाकली असती, तर जागा किती मोकळी झाली असती? ओंजळभर!

फोन आवरताना नेमका हाच वाटा करायचा आहे. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: ‘तू आणखी कुठे आहेस?’ गुलाब आणि सूर्योदय हजार फोनांत आहेत. खुशाल जाऊ द्यावे. कॅशे परत येईल. गूगल फोटोजमधली ‘जागा मोकळी करा’ ही सोय वर साठवून झालेलेच फोटो फोनमधून काढते, म्हणून ती निर्धास्त वापरावी. मात्र त्याच अ‍ॅपात फोटो ‘डिलीट’ केला, तर तो वरचाही जातो, हे ध्यानात ठेवावे. पण आजीच्या आवाजातली ओवी, वडिलांच्या शेवटच्या सहलीचा फोटो, न पाठवलेली नोंद, यांनी ‘मी फक्त इथेच आहे’ असे सांगितले, तर आधी त्यांची दुसरी प्रत करावी: मेमरी कार्डावर, मुलाच्या संगणकावर, जिथे जमेल तिथे. आणि मगच झाडू हातात घ्यावा.