अंगण वाकडंच होतं

मागच्या महिन्यात मुरबाडला आम्हा निवृत्त शिक्षकांचा मेळावा होता. पंचाहत्तरी उलटल्यापासून एसटीचा प्रवास फुकट झाला आहे, त्यामुळे असली बोलावणी मी चुकवत नाही. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत पोचलो. दारातच हजेरीची वही ठेवली होती आणि शेजारी दोऱ्याने बांधलेले एक बॉलपेन. ते चालत नव्हते. माझ्या पुढच्या दोघांनी वहीच्या कोपऱ्यात गिरगोट्या काढून पाहिल्या, तळहातावर घासून पाहिले, टोकावर फुंकर मारली. सगळे शिक्षकच, त्यामुळे चिकाटी दांडगी! शेवटी मी खिशातले माझे पेन काढले, सही केली आणि मागच्या गृहस्थांच्या हातात दिले.

ते माझ्याच वयाचे, एके काळचे सहकारी. त्यांनी पेन उलटसुलट करून पाहिले.

"काय मऊ लागतंय हो हाताला! कुठलं?"

"जपानचं."

"केवढ्याला पडलं?"

मी किंमत सांगितली. माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढी. त्यांनी डोळे मोठे केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वर्गात कमावलेल्या आवाजात म्हणाले, "अहो गुरुजी, एवढ्या पैशात आश्रमशाळेतल्या शंभर पोरांना दप्तरं आली असती!"

झाले. माझ्या आनंदात बिब्बा पडला. सगळे हसले, मीही हसलो. मला उत्तरे नेहमी परतीच्या गाडीत सुचतात, तशी यावेळीही सुचली. ती इथे लिहितो आहे.

सुचलेले पहिले उत्तर सोपे होते. त्याच मेळाव्याच्या दारात पाच-सहा चारचाक्या उभ्या होत्या, त्यांच्या किमतीत किती दप्तरे येतात हे कोणी विचारले नाही. आमच्या भागात हळदीच्या एका रात्री डीजेवर जो पैसा जातो, त्याचा हिशोब कोणी दप्तरात मांडत नाही. पेन मात्र लगेच दप्तरात मोजले जाते! हे सगळे खरे आहे. पण हे उत्तर मी किन्हवली यायच्या आत सोडून दिले. दुसऱ्याची उधळपट्टी दाखवल्याने माझा खर्च योग्य ठरत नाही, हे मीच पस्तीस वर्षे मुलांना सांगत आलो.

तेव्हा आधी कबुली. हे पेन मी गरज म्हणून घेतलेले नाही. मला ते हवे होते. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते आले, ते बाजूला ठेवले आणि जपानला गेलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकरवी मागवले. तो पैसे घेत नव्हता, मी बळेच दिले.

बाहेरून ते काळे दिसते. उजेडात धरले तर कडांशी आतला तांबडा रंग जाणवतो. जपानी लोक ज्याला उरुशी म्हणतात, त्याचे हे लेप. लाखेचे पेन म्हणायची पद्धत आहे, पण आपली लाख किड्यापासून मिळते आणि उरुशी हा झाडाचा चीक. सालीला चिरा पाडून तो थेंबाथेंबाने गोळा करतात. एका झाडापासून सबंध हंगामात जेमतेम दोनशे ग्रॅम निघतो. कच्चा चीक अंगाला लागला तर फोड येतात. हे वाचले तेव्हा मला एकदम आपला बिब्बा आठवला, आणि पुढे कळले की दोन्ही झाडे खरोखरच एका कुळातली आहेत. आंबा आणि काजूही त्याच कुळातले. आपल्याकडे बिब्बा अंगावर उतला तर काय होते हे रानात फिरणाऱ्या कोणालाही विचारा. त्याच रसाने धोबी कपड्यांवर खुणा करत, त्या कपडा फाटेपर्यंत जात नसत.

या चिकाची आणखी एक गंमत आहे. तो उन्हात वाळत नाही. त्याला घट्ट व्हायला दमट आणि उबदार हवा लागते, म्हणून कारागीर लेप दिलेली वस्तू ओलसर कपाटात ठेवतात. एक लेप, मग घासणे, मग पुन्हा लेप, असे महिनोन्‌महिने चालते. आमच्या मुरबाडचा आषाढ-श्रावण त्याला फार मानवला असता!

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. पेनावर हा लेप आला तो नुसत्या शोभेसाठी नाही. त्या काळी पेने एबोनाइटची असत, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. ते उजेडाने विटते. १९१८ मध्ये नामिकी यांनी काढलेल्या कंपनीत, जी आज पायलट म्हणून ओळखली जाते, १९२०च्या दशकात यावर उपाय म्हणून एबोनाइटवर उरुशी चढवू लागले. वस्तूत दोष दिसला, तो त्यांनी वस्तूत दुरुस्त केला. सोन्याची नक्षी आणि लाखांच्या किमती हा पुढचा भाग.

आता मूळ मुद्दा.

निवृत्तीनंतरची बारा-पंधरा वर्षे मी बॉलपेनने लिहीत होतो. दोन पाने लिहिली की अंगठा भरून यायचा. अक्षर बारीक होत चालले होते, ओळ खाली उतरायची. मी म्हटले, वय झाले, हात गेला. घरातलेही तेच म्हणाले. मग हे पेन आले. पहिले पान लिहिले आणि मी चकित झालो. दाबावेच लागत नाही! बॉलपेनमध्ये घट्ट शाई गोळी फिरवून ओढावी लागते, म्हणून आपण दाबतो. शाईपेनात ती निबेच्या चिरेतून आपोआप उतरते, टोक कागदाला टेकले की पुरे. आठवड्याभरात माझी वेलांटी पूर्वीसारखी वळू लागली. शिरोरेघ सरळ आली. पंचाहत्तराव्या वर्षी माझे अक्षर सुधारले, मित्रहो. हात गेला नव्हता. पेन वाईट होते.

आणि ज्या दिवशी हे कळले त्या दिवशी मला एक मुलगा आठवला.

१९७४ साल असेल. मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत मी नवा होतो. पाचवीच्या वर्गात कातकरी वाडीवरचा एक मुलगा होता. त्याचे शाईपेन कोणीतरी टाकून दिलेले होते. टोपण नव्हते. निबेचे एक पाते वाकलेले. मानेला तडा गेलेला, त्यावर दोरा गुंडाळून मेण थापलेले. ते एक ओळ लिहायचे आणि दुसऱ्या ओळीवर डाग ओकायचे. त्याच्या वहीत डागच जास्त. मी शुद्धलेखनाचा कडक मास्तर होतो. एक दिवस ती वही वर्गाला उंच धरून दाखवली. त्याने हळूच सांगितले, "गुरुजी, पेन गळतंय." मी म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं!" वर्ग खदाखदा हसला. मग त्याच्या निळ्या झालेल्या बोटांवर पट्टी मारली.

दिवाळीनंतर त्याचे आईबाप वीटभट्टीवर गेले. तोही गेला. पावसाळ्यात ती माणसे वाडीवर परतली, पण तो शाळेत आला नाही. मी विचारायला गेलो नाही. भट्टीमुळे शाळा सुटली, असे मी कित्येक वर्षे स्वतःला सांगितले, आणि भट्टीने हजारो मुलांच्या शाळा सोडवल्या हे खरेही आहे. पण भट्टी हे माझ्या सोयीचे उत्तर होते, हेही खरे.

त्या म्हणीवर माझा आता विश्वास उरलेला नाही. ती म्हण नेहमी अंगणाचा मालक वापरतो. नाचणाऱ्याचे पाय ठेचकाळतात, त्याला कोणी विचारत नाही की बाबा, अंगण बघू कसे आहे. त्या मुलाचे अंगण खरोखर वाकडे होते. माझ्या हातात ते पेन घेऊन मी एक ओळ लिहिली असती तर मला अर्ध्या मिनिटात कळले असते. मी लिहिली नाही.

शंभर दप्तरांचा हिशोब मांडणाऱ्यांना मला हे विचारायचे आहे. कसली दप्तरे? मी त्या वाटपांना गेलो आहे, पाहुणा म्हणून खुर्चीवर बसलो आहे. काही वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेत आम्ही वह्या-पेने वाटली. फोटो निघाले, मी 'लेखणीचे महत्त्व' यावर पंधरा मिनिटे बोललो, चहा-बिस्किटे झाली. निघताना एका मुलीने तिचे पेन माझ्यापुढे धरले. उमटत नव्हते. डब्यातली दुसरी चार काढून पाहिली, त्यातली दोन तशीच. बरोबरचे गृहस्थ म्हणाले, "घाऊक घेतलीत ना, असं व्हायचंच. त्यांना चालतंय."

'त्यांना चालतंय.' माझे भांडण या दोन शब्दांशी आहे. गरिबाच्या मुलाला गळके पेन चालते, गळके छप्पर चालते, कागद ओरबाडणारी वही चालते. ज्या शहापूर तालुक्यातल्या भातसा-तानसाचे पाणी मुंबई पिते, त्याच तालुक्यातल्या पाड्यांना एप्रिल-मे मध्ये टँकर चालतो. आणि मग अक्षर वाईट आले, निकाल कमी लागला, की आपण मान हलवून म्हणतो, या मुलांना आवडच नाही. वस्तूचा दोष मुलाच्या खात्यावर मांडायचा, हा आपला जुना हिशोब आहे. त्या हिशोबात मी माझ्या हाताने आकडे लिहिलेत.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर बोरूने शिकलो, आमचे काय बिघडले? अगदी बरोबर. पण बोरू हे उत्तम हत्यार होते! आमचे गुरुजी प्रत्येकाचा बोरू स्वतः चाकूने तासून द्यायचे, देवनागरीला हवा तसा तिरका काप घ्यायचे, आणि आधी स्वतः दौतीत बुडवून एक 'श्री' काढून बघायचे. मगच तो आमच्या हातात यायचा. बोरूला पैसा लागत नव्हता, लक्ष लागत होते. म्हणजे प्रश्न किमतीचा नाहीच. माझ्या पेनाएवढी किंमत कोणी मोजावी असे मी कधीच म्हणणार नाही. शाई तर मी अजून कॅमलचीच भरतो. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुडी-गोळ्यांपासून सुरू केलेला तो धंदा, ज्याच्या दौतींवर आमच्या पिढीच्या परीक्षा झाल्या. २०११ मध्ये त्यातला मोठा हिस्सा जपानच्या कोकुयोने घेतला, त्यामुळे आता उंटही जपानचा झाला म्हणा!

आमच्याच मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका, गुलाबी साडीचा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. या वयात गणवेश कशाला, जुनेर चालले असते, असे कोणी म्हणाले नाही, हे मला फार आवडले. गावोगावच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यांकडे बघा. कोटाच्या खिशाला पेन असते. ते पेन काढून तिथे काहीतरी स्वस्त लावा, चालतंय, असे म्हणायची कोणाची छाती होईल का? आणि त्याच बाबासाहेबांना अभिवादन करायला येताना हार-फुलांऐवजी एक वही, एक पेन आणा, असे आवाहन करणारे तरुण आज आहेत. त्यांना माझी एकच विनंती. ते पेन आणण्याआधी त्याने स्वतः एक पान लिहून बघा.

माझ्या ओटीवर संध्याकाळी सहा-सात मुले येतात. त्यांच्यासाठी मी शंभर-दीडशे रुपयांची शाईपेने आणून ठेवली आहेत. प्रत्येक नीब मी धुऊन, लिहून, नीट करून दिली आहे. जपानी पेनही तिथेच असते, कुलपात नाही. लाखेला वापराने काही होत नाही, उलट वर्षे जातील तशी ती निवळत जाते आणि आतला तांबडा रंग अधिक दिसू लागतो, असे म्हणतात. मुले पाळीपाळीने त्याने एक ओळ लिहितात. पहिल्या दिवशी एका पोराने इतके दाबले की माझा जीव खालीवर झाला. पण हात पुढे केला नाही. पाचव्या दिवशी त्याचे त्यालाच कळले की दाबायचे नसते.

सहकाऱ्यांच्या शंभर दप्तरांचे मी काय उत्तर देणार? देणे लागतो, हे मान्य आहे. शंभराचे एकदम जमणार नाही, हप्त्याहप्त्याने देईन. पण देईन ते दप्तर आधी आठ दिवस स्वतःच्या खांद्याला लावून, शहापूरच्या बाजारात भाजी भरून आणून बघेन. बंद तुटला तर परत करेन.

बाकी शिक्षक मित्रहो, तुम्हाला एवढेच सांगणे आहे. उद्या वर्गात कोणाची वही डागांनी भरलेली दिसली, तर तोंड उघडण्याआधी त्याचे पेन मागून घ्या. त्याने एक ओळ लिहा.

मग बोला.