ऐकलेलं कोणाच्या मालकीचं?

ग्राहक कळायचा तर स्वतः जाऊन भेटावं, दुसऱ्याने लिहून ठेवलेलं वाचून गाडी घडत नाही, असं भोसरी-चाकणच्या डिझाइन विभागांत अभिमानाने सांगितलं जातं. जोडीला दुसरा आक्षेप असतो: मुलाखती, ग्राहक-क्लिनिकचे (नमुना गाडी दाखवून घेतलेल्या चाचणीचे) निष्कर्ष आणि सर्व्हिस सेंटरच्या तक्रारी एकत्र ठेवून सर्वांना खुल्या केल्या, की संदर्भ हरवतो आणि गुपितं फुटतात. हा पूर्वपक्ष दुबळा नाही.

त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या पुणे-पिंपरीतलाच आहे. टाटा मोटर्समध्ये गिरीश वाघ यांच्या तुकडीने 'एस' ही छोटी मालगाडी घडवताना तीनचाकीवाल्यांशी, मालवाहतूकदारांशी प्रत्यक्ष बोलून गरज समजून घेतली. हाताखाली चारचाकी असेल तर लग्न जमायला सोपं जाईल, असं एक तरुण म्हणाला होता, ही हकीकत उद्योगात आजही सांगितली जाते. 2005 मध्ये दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन घेऊन ती गाडी आली आणि लोकांच्या तोंडी 'छोटा हत्ती' झाली. माल वाहायला चाकं लागतात, पण माणूस चाकांबरोबर पतही विकत घेतो, हे त्या तरुणाने सांगून टाकलं होतं. प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण पुढे काय झालं? नॅनोच्या विकासाचं नेतृत्वही वाघ यांच्याकडेच आलं. जानेवारी 2008 मध्ये दिल्लीत अनावरण झालं आणि 'लाखाची गाडी' हीच तिची ओळख बनली. सर्वांत स्वस्त हा शिक्का चुकीचा ठरला, असं नंतर खुद्द रतन टाटा यांनी बोलून दाखवलं. मागचं झाकण उघडून सामान ठेवण्याची सोयही 2015 च्या जेनएक्स नॅनोतच आली. नॅनोच्या अपयशाला सिंगूरच्या जमीन-वादापासून अनेक कारणं आहेत. तरी माझा निष्कर्ष असा: घर तेच, नेतृत्व तेच, तरीही माणूस पतही विकत घेतो हा धडा गाडीच्या ओळखीत उतरला नाही. ज्ञान एखाद्याच्या डोक्यात असणं आणि ते किंमत, जाहिरात व डिझाइन ठरवणाऱ्या प्रत्येक टेबलावर असणं, यांत फार अंतर आहे. मग तो माणूस नोकरी बदलून गेला तर काय उरेल, हा प्रश्न तर वेगळाच.

गुपिताचा आक्षेप मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच निकालात निघतो. 'रासी' या उपक्रमात संशोधक या मार्गासारख्या ठिकाणी अपघातस्थळी जातात, खुणा मोजतात, वाहनाची मोडतोड आणि माणसांच्या जखमा ठरावीक पद्धतीने नोंदवतात. ही माहिती वाहन कंपन्यांच्या समूहात वाटली जाते. बाजारात एकमेकींशी झुंजणाऱ्या कंपन्यांना माणसाच्या मरणाची माहिती सामायिक ठेवता येते, आणि एकाच कंपनीच्या दोन मजल्यांना ग्राहकाचं गाऱ्हाणं सामायिक ठेवता येत नाही?

संदर्भ हरवण्याची भीती मात्र खरी आहे. दोनशे माणसांचं बोलणं एका स्लाइडवरच्या सरासरीत कोंबलं, की चाकणच्या आंबेठाण चौकातल्या कोंडीत भरल्या टेम्पोचा क्लच दाबून बसलेला चालक नाहीसा होतो. म्हणून अशा नोंदींच्या केंद्रीय भांडारात सारांशाआधी मूळ शब्द हवेत. तारीख, जागा, गाडीत किती माल होता, प्रश्न कोणी विचारला, हे हवं. जे दिसलं ते आणि त्यावरून जे वाटलं ते, दोन्ही वेगळं हवं. या भांडाराची निगा राखणारा एक जबाबदार माणूस नेमा. नुसतं फोल्डर करून भागत नाही. बोलणाऱ्याचं नाव, फोन नंबर काढून टाका आणि ही माहिती पुढच्या गाड्यांसाठीही वापरू का, हे त्याला आधीच विचारा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा मुख्य पायाही माणसाची संमती हाच आहे.

पुढचा चालक भेटायला जाण्याआधी मागच्या शंभर जणांनी काय सांगितलं ते वाचून जा. त्याने दिवसाची कमाई बुडवून तुम्हाला तास दिलेला असतो. मागच्यांना विचारलेलंच त्याला पुन्हा विचारू नका. आणि ज्या डिझाइन रिव्ह्यूच्या टेबलावर या नोंदी नसतील, तो रिव्ह्यू त्या येईपर्यंत थांबवा.