नऊवारीला टाळ्या, मग नेसणारीला काय?

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावच्याच नव्हे, लांबलांबच्या गावांच्या यात्रा कमिट्या तिथे येतात. तारीख ठरते, रक्कम ठरते, इसार दिला जातो आणि सुपारी फुटते. ढोलकीवाला कोण, सोंगाड्या कोण, वग कुठला, सगळ्याची चौकशी होते. एका गोष्टीबद्दल मात्र कुणी विचारतच नाही, ती म्हणजे नऊवारी. लावणी म्हटलं की ती आलीच, असं सगळ्यांनी धरलेलं असतं.

आज ही साडी तमाशाच्या तंबूबाहेरही जोरात आहे. लग्नात, कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला, गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर आणि तुमच्या मोबाईलवरच्या रील्समध्ये. ती नेसली की ‘अस्सल मराठमोळी’ म्हणून कौतुक होतं. मात्र तीच साडी नेसून, पायात चाळ बांधून पोट भरणाऱ्या बाईकडे गाव कसं बघतं? प्रश्न इथे आहे.

साडी की अवजार?

आधी कापड समजून घेऊ. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबी. ना शिवण, ना बटण. कमरेला गाठ, पुढे निऱ्या आणि मधून मागे खोचलेला काष्टा. या काष्ट्यामुळे दोन्ही पाय मोकळे होतात. बसा, वाका, उडी मारा, गिरकी घ्या, साडी सुटत नाही. म्हणून तर पश्चिम पट्ट्यात बायका कासोटा घालून भातलावणीच्या चिखलात दिवसभर उभ्या राहू शकल्या.

तमाशातल्या बाईने याच नेसणीला नाचासाठी बेतलं. साडी कमरेला घट्ट आणि घोट्याच्या वर, म्हणजे चाळ दिसतात आणि पायाचा ठेका ढोलकीला जाऊन भिडतो. वर कमरपट्टा, म्हणजे गिरकीत काही हलत नाही. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर हे काम बघून केलेलं डिझाइन आहे. सजावट त्यावर नंतर चढली.

पॅरिसमध्येही हेच घडलं

जगातला सगळ्यात प्रसिद्ध नाचाचा पोशाख म्हणजे बॅलेचा टुटू. आपल्याकडे वाढदिवसाला लहान मुलींना जाळीचे फुगीर फ्रॉक घालतात, त्यांचं मूळ रूप म्हणा. 1832 मध्ये पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा बॅले झाला. त्यात मारी तालिओनी पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहून नाचली. तिचा पांढरा, तलम, पोटरीपर्यंतचा झगा युरोपभर गाजला. झगा आखूड कशासाठी? पाऊल दिसावं म्हणून. पुढे उड्या आणि गिरक्या अवघड होत गेल्या, तसा घेर आणखी वर सरकला. शेवटी तो कमरेभोवती आडव्या ताटासारखा झाला आणि पूर्ण पाय मोकळा दिसू लागला.

यात यंत्राचाही हात आहे. 1808-09 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने जाळीदार कापड विणणारं यंत्र बनवलं. हाताने करायची महागडी जाळी त्यामुळे यंत्रावर निघू लागली. वजनाला हलकी आणि थरावर थर दिला की स्वतःहून ताठ उभी राहणारी ही जाळी पुढे टुटूचा आधार झाली.

नऊवारीने पाय झाकून मोकळे केले, टुटूने उघडे करून. वाट उलटी, हेतू एकच. दोन्ही पोशाख टिकले, कारण त्यांनी नाचणाऱ्या शरीराची अडचण सोडवली.

झग्याची किंमत कोण मोजत होतं?

टुटूची दुसरी बाजू मात्र वाढदिवसाच्या फोटोत दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिस ऑपेरातल्या बऱ्याच मुली गरीब घरच्या होत्या. वर्षाची वर्गणी भरणाऱ्या श्रीमंत पुरुषांना रंगमंचामागे, नर्तकींच्या दालनात जायची मुभा होती. चित्रकार देगासच्या बॅलेच्या चित्रांत विंगेत काळ्या कपड्यातले पुरुष दिसतात, ते हेच.

धोका जिवाचाही होता. रंगमंचावर गॅसचे दिवे असत. नोव्हेंबर 1862 मध्ये एमा लिव्ही या वीस वर्षांच्या नर्तकीचा झगा तालमीत पेटला आणि आठ महिन्यांनी ती गेली. आगीपासून वाचवणारी रासायनिक प्रक्रिया तेव्हा उपलब्ध होती. पण त्यामुळे कापड कडक आणि मळकट दिसे, म्हणून तिने ती नाकारली होती. प्रेक्षकाला तलम झगा हवा, म्हणून जीव धोक्यात नर्तकीचा.

आज बॅले ही प्रतिष्ठेची कला मानली जाते. हा मान कापडामुळे आला नाही. शाळा निघाल्या, सरकारी अनुदान आलं, नर्तकींना पगार आणि पेन्शन मिळू लागलं. मान असा कमवावा लागतो, आणि द्यावाही लागतो.

आपण काय दिलं?

नारायणगावची ओळख ज्यांच्या नावाने आहे त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. प्रयोग सुरू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंतपण झालं आणि त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत तमाशाच्या दुनियेत आजही सांगितली जाते. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले. 2002 मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य सरकारने त्यानंतर सुरू केला.

नऊवारीवर अश्लीलतेचा शिक्का बसतो, तोही फक्त तमाशाच्या बोर्डावर. स्वयंपाकघरातल्या आजीची नऊवारी सोज्वळ, इतिहासातल्या राणीची नऊवारी शौर्याची आणि मानेपासून घोट्यापर्यंत अंग झाकणारी तीच साडी तमाशात मात्र ‘तसली’. म्हणजे दोष कापडात नाही. तमाशातल्या बायका बहुतेक कोल्हाटी, मांग, महार अशा समाजांतून आल्या. आपली नजर साडीवर नव्हे, जातीवर आणि पोटासाठी नाचण्यावर अडते. हे मान्य करायला जड जातं, म्हणून आपण साडीला बोल लावतो.

शिवलेली नऊवारी बिघडवते का?

हल्ली ओरड असते, शिवलेल्या नऊवारीने परंपरा बुडाली. मराठीत साडी ‘नेसतात’, पण ही शिवलेली साडी ‘घालतात’. क्रियापदच बदललं, हे खरं. तरी मला ही ओरड पटत नाही. एका प्रयोगात घाईघाईने पोशाख बदलावे लागतात. तंबूमागे जेमतेम आडोसा असतो. तिथे दोन मिनिटांत चढणारी साडी सोयीचीच. टुटूचा घेरही पन्नास वेळा बदलला, बॅले बुडाला नाही. साडीत शिलाई आली म्हणून लावणी मरणार नाही. नाचणारीने धंदा सोडला तर मात्र मरेल.

मग करायचं काय?

यंदा सुपारी देणाऱ्या कमिट्यांनी रकमेसोबत चार गोष्टी कागदावर घ्याव्यात. कलाकारांना कपडे बदलायला बंद, उजेडाची जागा. महिलांसाठी स्वच्छतागृह आणि पाणी. ठरलेली बिदागी यात्रा उठायच्या आत पूर्ण. आणि बोर्डाजवळ दंगा करणाऱ्याला गावानेच बाहेर काढायचं. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर आपण कितीतरी नियम पाळतो. तंबूतही पाळता येतील.

आणि तुम्ही-आम्ही, मोबाईल हातात असलेले? हजेरीच्या कार्यक्रमात कॅमेरा कमरेवर झूम करू नका. पावलांवर धरा, खरी कला तिथे आहे. व्हिडिओ टाकताना फडाचं आणि कलावतीचं नाव लिहा, तेही तिला विचारून. पुढच्या वेळी नऊवारी घालून रील कराल, तेव्हा ती नेसण कुणी घडवली हे एका ओळीत सांगा. एवढ्याने तिचं घर चालणार नाही. पण टाळ्या साडीच्या पुढे जाऊन नेसणारीपर्यंत पोहोचायला सुरुवात तरी होईल.