बंपरवरचा पांढरा डाग

मागच्या रविवारी आमचा भाचा तोंड पाडून घरी आला. हातात खोका. त्याच्या काकांनी अमेरिकेहून येताना प्लास्टिकच्या गाडीचे किट आणले होते. 1957 सालची शेव्हरोले बेल एअर, खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी. बंपर, पुढची जाळी, सारे आरशासारखे चकचकीत. हे भाग डहाळीला कैऱ्या लागाव्यात तसे एका चौकटीला चिकटून येतात. पोराने बंपर हातानेच पिळून तोडला आणि तुटल्या जागी पांढरे प्लास्टिक उघडे पडले. त्यावर घरातला चंदेरी रंग फासला, तर डाग करडा होऊन आणखीच उठून दिसू लागला.

"मामा, सगळं क्रोम काढून टाकतो आणि पुन्हा रंगवतो," म्हणाला.

आम्ही कारकून माणूस. खतावणीत एक आकडा चुकला म्हणून आम्ही पान फाडत नाही. त्याला म्हटले, आधी बस, हे क्रोम काय असते ते तरी पाहू. खऱ्या बेल एअरच्या बंपरला निकेल आणि क्रोमियमचा विजेने चढवलेला मुलामा होता. किटमधल्या क्रोमात मात्र क्रोमियमचा कणही नसतो! प्लास्टिकवर आधी लाखेसारखा गुळगुळीत थर देतात. मग हवा काढून घेतलेल्या बंद टाकीत ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ करतात, ती भागांवर बसते. हा थर केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ. म्हणूनच तो पिळल्याने सोलतो आणि पॉलिशपेपरच्या दोन हातांत जातो.

सबब दुरुस्ती डागापुरतीच करायची. आम्ही ब्लेडच्या टोकाने तेवढाच करडा रंग खरवडला, बारीक पॉलिशपेपर हलकेच फिरवला. मोलोटो या जर्मन कंपनीचे पातळ क्रोमचे पेन मिळते. त्यातला थेंब टूथपिकच्या टोकावर घेऊन डागावर टेकवला. नुसता टेकवायचा, घासायचा नाही. नंतर दोन-तीन दिवस बोट लावायचे नाही आणि वरून चमक म्हणून वॉर्निशही मारायचे नाही, त्याने चकाकी मरते. अगदी मूळच्यासारखे होते असे आम्ही म्हणणार नाही. जवळून पाहिले तर कळते. पण गाडी काय कोणी भिंग घेऊन बघणार आहे?

उरलेले भाग आता धारदार कटरने कापायचे ठरले, थोडा देठ ठेवून, मग देठ ब्लेडने तासायचा. जिथे गोंद लागणार तिथले क्रोम मात्र मुद्दाम खरवडायचे. किटचा गोंद प्लास्टिक विरघळवून सांधा धरतो; क्रोमवर लावला तर क्रोमच निघून येते आणि भाग गळून पडतो. नेलपॉलिश रिमूव्हर जवळही आणू नये, त्यात ॲसिटोन असेल तर प्लास्टिकच विरघळते.

हे सारे झाल्यावर ताईने जे सांगितले ते ऐकून आमच्या अंगावर काटा आला. ब्लीचमध्ये बुडवले की क्रोम निघते, हे पोराने ऐकले होते. ते खरेही आहे, ॲल्युमिनियम त्यात विरघळते. पण काम लवकर व्हावे म्हणून त्याने संडास साफ करायच्या ॲसिडची बाटलीही शेजारी आणून ठेवली होती! मोरीचे दार लावून दोन्ही एकत्र ओतणार होता. आयाबायांनो, ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो विषारी आहे, कोंडलेल्या जागेत जीव जाऊ शकतो. बंपर राहिला बाजूला, त्या बाटल्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा आणि एकमेकींपासून लांब ठेवा. ब्लीच वापरायचेच तर मोठ्या माणसाने, हातमोजे घालून, खिडकी उघडून.

ताईने दोन्ही बाटल्या आता फळीवर चढवल्या आहेत, दोन टोकांना. बंपर डब्याखाली झाकून सुकतो आहे. पोरगा दिवसातून चारदा विचारतो, "मामा, झालं का?"