देवाच्या हाती दिलेली लेकरे

पुनरुत्थानाचा सण आणि पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी यंदा एकाच दिवशी, ५ एप्रिलला, आली आहे. १९२२ साली याच तारखेला रमाबाई दौंड तालुक्यातल्या केडगावी, आपल्या मुक्ती मिशनात ख्रिस्तवासी झाल्या. त्यामुळे भीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या ख्रिस्ती मंडळींना या ईस्टरला एका घरच्या माणसाचीही आठवण करायची आहे. परीक्षा संपलेल्या आहेत, पुण्याच्या वसतिगृहांतून मुले घरी आलेली आहेत. पहाटेच्या उपासनेला एरवी न दिसणारे तरुण चेहरे आज बाकांवर दिसतील आणि पाळकसाहेब कधीतरी म्हणतील, ‘आता आपल्या लेकरांसाठी प्रार्थना करू या.’ माना खाली जातील. त्या क्षणी आईबाप देवाजवळ नेमके काय मागतात, याचा विचार करायला आजच्याइतका योग्य दिवस नाही.

पहिले मागणे सगळ्यांना पाठ आहे. बारावीला चांगले गुण पडोत, नर्सिंगला नंबर लागो, रेल्वेच्या भरतीत नाव येवो, रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडचे काम सुटून कायमची नोकरी मिळो. या मागण्यांना नाक मुरडण्याचे कारण नाही. रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवले आहे, आणि कोरडवाहू गावांतून, दुष्काळातून, गावकुसाबाहेरून वर आलेल्या समाजाला त्या भाकरीची किंमत कोणी सांगायला नको. दुसरे मागणे वागणुकीचे असते. मुलगा वाईट संगतीला लागू नये, मुलीने चर्च सोडू नये, सून समाजातलीच मिळावी. तिसरे मागणे मात्र फार क्वचित ऐकू येते. घरात कोणी नसताना, कोणी सांगितलेले नसताना, माझ्या लेकराने आपणहून देवाशी बोलावे. त्याला देव आईचा किंवा आजोबांचा म्हणून नव्हे, स्वतःचा म्हणून ठाऊक व्हावा. हे मागणे अवघड आहे, कारण ते पुरे झाले की नाही हे गुणपत्रिकेवर दिसत नाही आणि हजेरीपटावरही नाही. त्याहून अवघड म्हणजे, हे मागताना आईबापांना आपला हात थोडा सैल करावा लागतो.

रमाबाईंच्या आयुष्यात हे मागणे पहिल्यांदा ऐकू येते ते त्यांच्या वडिलांच्या तोंडून, आणि ते ख्रिस्ती नव्हते. अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे वैष्णव ब्राह्मण. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी लोकांचा रोष पत्करला होता. दक्षिणेतल्या दुष्काळात होते नव्हते ते सारे संपले, दृष्टी अधू झाली, तेव्हा त्यांनी जलसमाधीचा विचार केला आणि धाकट्या मुलीला जवळ घेऊन निरोपाचे चार शब्द सांगितले. रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत ते नोंदवून ठेवले आहेत. धर्माची वाट सोडू नकोस, मी तुला आपल्या देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस, त्याचीच सेवा कर, असा त्यांचा आशय. त्यानंतर थोड्याच दिवसांत अनंतशास्त्री गेले. त्यांच्या मनातला देव कोणता होता, हे उघड आहे. त्यांची मुलगी पुढे कुठल्या वाटेने जाणार आहे हे त्यांना कळते, तर ते हादरून गेले असते. तरीही तीन दशकांनंतर, ख्रिस्ती झालेल्या मुलीला आपल्या साक्षीत वडिलांचा तो निरोप बाजूला ठेवावासा वाटला नाही. वडिलांची प्रार्थना देवाने ऐकली, असे तिने मानले.

या प्रसंगात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही पालकांना टोचणारे काहीतरी आहे. बापाने मुलीला देवाच्या हाती दिले आणि ती खरोखरच बापाच्या हातून सुटली. प्रार्थना करणाऱ्याला उत्तराचा आराखडा ठरवता येत नाही. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी यांच्या घरीही तेच घडले होते. धर्मशील घरात वाढलेला मुलगा १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेऊन बसला, तेव्हा घरच्यांना झालेले दुःख खरे होते. आपल्या मंडळीतल्या कित्येक घराण्यांची सुरुवात अशाच एखाद्या रडणाऱ्या आईपासून, अबोला धरलेल्या बापापासून झालेली आहे. आपल्या पूर्वजांनी ज्या धैर्याने स्वतःचा शोध घेतला त्याचे आपण गोडवे गातो. तोच शोध आपल्या पोरांनी घ्यायचा म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो.

स्वतः रमाबाईंचा शोध बाप्तिस्म्याने संपला नाही, ही गोष्ट तर प्रत्येक दृढीकरणाच्या वर्गात सांगायला हवी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोबत त्यांच्या अडीच वर्षांच्या मुलीचा, मनोरमेचाही झाला. पुढे त्यांनीच प्रांजळपणे लिहिले की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला सुमारे आठ वर्षे गेली. मधल्या काळात त्या प्रार्थना करत होत्या, लिहीत होत्या, अमेरिकेत भाषणे देत होत्या, १८८९ मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढत होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला काही उणे दिसले नसते. संस्कृत ग्रंथ मुखोद्गत असलेल्या, दोन खंडांत वाद घालून आलेल्या बाईला एवढा वेळ लागला. आणि आपण मात्र दहावीतल्या पोराने काही रविवार प्रश्नोत्तरे पाठ केली, पांढरा सदरा घालून प्रभुभोजन घेतले, की देवाशी त्याचे नाते जमले असे धरून चालतो. तीन वर्षांनी तो चर्चला येईनासा झाला की विचारतो, ‘आमचे कुठे चुकले?’ चुकले असेल तर एवढेच, की जिथे सुरुवात होती तिथे आपण शेवट मानला.

आई म्हणून रमाबाई कशा होत्या? मनोरमेच्या शिक्षणावरून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात उपलब्ध आहे. सिस्टरांनी त्यांच्यावर माया केली होती, आसरा दिला होता. तरीही माझ्या मुलीला देवाविषयी काय आणि कसे शिकवायचे याचा निर्णय माझा, हे रमाबाईंनी ठामपणे सांगितले. पुढे पुण्यात हलवलेल्या शारदा सदनात त्या सकाळी मनोरमेला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत, आणि खोलीचे दार उघडे ठेवत. सदनातल्या हिंदू मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये केवढे वादळ उठले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांकडे आज शत्रू म्हणून पाहणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. आपल्या लेकराच्या श्रद्धेची काळजी त्यांनाही होती. ती काळजी आपल्याला कळत नसेल तर मग कोणाला कळणार? रमाबाईंनी मात्र दार लावून घेतले नाही. आईची प्रार्थना मुलीला दिसली पाहिजे, एवढे त्यांनी धरून ठेवले. मनोरमेने पुढे १९१७ मध्ये बी. ए. केले, अंध मुलींना ब्रेल शिकवले, आईच्या कामात खांदा दिला आणि २४ जुलै १९२१ रोजी, आईच्या आधी, या जगाचा निरोप घेतला. ज्या हाती मुलीला दिले त्याच हाती तिला परत सोपवण्याची वेळ रमाबाईंवर आली. देवाच्या हाती देणे म्हणजे काय, याची किंमत त्यांनी पुरी मोजली.

केडगावच्या प्रार्थनेची आणखी एक गोष्ट आहे. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुक्तीतल्या मुलींना रोज एकत्र येऊन आत्मिक जागृतीसाठी प्रार्थना करायला बोलावले. सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या, पुढे संख्या कैक पटींनी वाढली, आणि जूनच्या अखेरीस तिथे जे घडले त्याची वार्ता जगभर गेली. मुली रडत होत्या, आपापली पापे कबूल करत होत्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंचे म्हणणे असे होते की, इथल्या माणसांना त्यांच्या स्वभावाला मानवेल अशा रीतीने देवाजवळ येऊ द्या. स्वतः वाँटेजच्या शिस्तशीर उपासनेत बाप्तिस्मा घेतलेल्या बाईचे हे शब्द आहेत. आपली तऱ्हा मुलींवर लादली नाही, म्हणून मुलींना त्यांची तऱ्हा सापडली.

आता आपल्या घरांकडे येऊ. दौंडच्या रेल्वे वसाहतीत बाप ड्यूटीवरून येतो तेव्हा मुले शाळेत, मुले येतात तेव्हा तो झोपलेला. शिरूरला आई दवाखान्यातल्या रात्रपाळीला, बाप कंपनीच्या दुसऱ्या पाळीत. कौटुंबिक प्रार्थना होते ती घाईत, जेवणाआधीच्या दोन वाक्यांत. वर्गात ख्रिस्ती मूल एखादेच. त्याला कोणीतरी विचारते, ‘तुम्ही बाटलेले का?’ घरी येऊन ते सांगत नाही. अमेरिकन मराठी मिशनने शिरूरला एकोणिसाव्या शतकात ठाणे उभारले, तेव्हापासूनचा इतिहास आजोबांना माहीत असतो, नातवाला तो कोणी सांगितलेला नसतो. मग तोच नातू पुण्याला जातो, तिथे गिटार आणि ड्रमवर गाणाऱ्या एखाद्या नव्या मंडळीत रमतो आणि सुटीत आल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांना कंटाळतो. घरात वाद होतो तो देवावरून कमी, आणि कुठल्या चर्चला जायचे यावरून जास्त. दुसरा नातू कुठेच जात नाही, तर त्याच्याशी वादही होत नाही; नुसती कुरकुर होते.

या कुरकुरीची प्रार्थना होते तेव्हा ती सर्वांत वाईट. ‘हे प्रभू, या लेकराला मोबाइल बाजूला ठेवायची बुद्धी दे, आईबापांचे ऐकायची बुद्धी दे.’ लेकरू शेजारीच डोळे मिटून बसलेले असते. या वाक्यांचा पत्ता देवाचा असला तरी टपाल कोणाला पोहोचते, हे घरातल्या सगळ्यांना कळते. देवाला मध्ये घालून मुलाला बोलणी बसली, की मूल देवाला आईबापांच्या बाजूचा माणूस समजू लागते. त्यापेक्षा बापाने त्याच बैठकीत स्वतःच्या रागाबद्दल, स्वतःच्या अविश्वासाबद्दल क्षमा मागावी. मुलाला देवाची ओळख त्या एका वाक्यातून जास्त होईल.

शास्त्रात एलीची गोष्ट आहे. याजकाच्या घरात, मंदिराच्या सावलीत वाढलेले हफनी आणि फिनहास देवाला ओळखत नव्हते. त्याच मंदिरात झोपणारा हन्नेचा शमुवेलही तेव्हा देवाला ओळखत नव्हता. रात्री हाक आली, मुलगा तीनदा धावत म्हाताऱ्याकडे आला. एलीने अखेर ओळखले की ही हाक आपली नाही, आणि काय उत्तर द्यायचे ते सांगून पोराला परत पाठवले. स्वतःच्या मुलांच्या बाबतीत हरलेल्या त्या म्हाताऱ्याने त्या रात्री पालकाचे खरे काम केले. आफ्रिकेतल्या मोनिकेचेही असेच. मुलाने रोमला जाऊ नये म्हणून ती रात्रभर प्रार्थना करत राहिली आणि तो मुलगा, ऑगस्टीन, तिला फसवून जहाजात बसला. तिची त्या रात्रीची प्रार्थना नाकारली गेली. पण ज्या इटलीला तो पळाला तिथेच, ३८७ च्या ईस्टरला, मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि तेव्हा मोनिका त्याच्या जवळ होती.

म्हणून या ईस्टरला मंडळीने पालकांकडून आणि स्वतःकडून चार गोष्टी मागाव्यात. दृढीकरण बॅच भरली म्हणून उरकू नये. ज्याला ‘मला अजून खात्री नाही’ असे म्हणायचे असेल त्याला तसे म्हणता यावे आणि त्याच्या आईबापांना त्यात नाक कापल्यासारखे वाटू नये. तरुण सभेत प्रश्नांसाठी जागा असावी, आणि ‘असे विचारू नये’ हे उत्तर बंद व्हावे. वडीलधाऱ्यांनी आपली साक्ष मुलांना सांगावी: संकट टळले, नोकरी लागली, एवढीच नव्हे, तर प्रार्थनेला उत्तर आले नाही तेव्हा आपण कसे टिकलो, हेही. आणि जी मुले चर्चला येत नाहीत त्यांची नावे रविवारी मोठ्याने वाचण्यापेक्षा त्यांना जेवायला बोलवावे.

लेकराचा देवाशी प्रामाणिक संबंध हवा असेल, तर तो प्रामाणिक आहे हे कळल्यावर येणारा धक्काही सोसायची तयारी ठेवावी लागते. प्रामाणिक मूल कधी शंका घेईल, कधी रागावेल, कधी आपल्यापेक्षा पुढे जाऊन आपल्यालाच आपल्या ढोंगाबद्दल विचारील. असे मूल मागण्याचे धैर्य ज्या आईबापांना आहे, त्यांनीच आज ‘आमच्या लेकरांना तुझ्या हाती देतो’ असे म्हणावे. बाकीच्यांनी आधी ते धैर्य मागावे.