दवंडी ऐकू येते, हुकूम कळत नाही

बाजारपेठेत एखाद्याने पै-पै जोडून दुकान थाटावे, सचोटीने गिऱ्हाईक मिळवावे, आणि एके दिवशी सकाळी फळ्या काढून पाहावे तो दुकानावरून जाणारा रस्ता कोणी रातोरात दुसऱ्याच आळीकडे वळविलेला! माल तोच, भाव तोच, मालक तोच; गिऱ्हाईक मात्र फिरकेनासे झाले. दाद मागावयास जावे, तर रस्ता वळविणारा शांतपणे सांगतो, 'तुमच्या मालात खोट आहे, असे आम्ही कोठे म्हटले?' असा अंधेर आमच्या गावात कोणी केला असता तर गाव पेटून उठले असते. संकेतस्थळे चालवून पोट भरणाऱ्या जगभरच्या लहान व्यावसायिकांवर मात्र हा प्रसंग गेली वीस वर्षे पुनःपुन्हा ओढवत आहे, आणि त्याची वाच्यता फारशी होत नाही.

हा रस्ता गूगलच्या ताब्यात आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या कंपनीचे शोधयंत्र कोणते पान पुढे दाखवावे व कोणते मागे ढकलावे, हे अल्गोरिदम नावाच्या आकडेमोडीने ठरविते. मागे पडलेले पान वाचकाच्या लेखी नसल्यासारखेच. दुसरा रस्ता असता तर गोष्ट वेगळी होती. परंतु २०२० साली अमेरिकेतील सुमारे ९० टक्के शोध या एकाच दारातून होत होते, आणि ही मक्तेदारी कंपनीने बेकायदा मार्गांनी टिकविली, असा निर्णय तेथील न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिला आहे.

या आकडेमोडीत वेळोवेळी फेरबदल होतात. २००३ च्या नोव्हेंबरात, नाताळच्या खरेदीच्या ऐन तोंडावर आलेल्या 'फ्लोरिडा' फेरबदलाने कित्येक लहान विक्रेत्यांचा हंगाम बुडविला. २०११ च्या फेब्रुवारीतील 'पांडा'ने अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांचे निकाल बदलले. २०१२ च्या एप्रिलात 'पेंग्विन' आला. त्याच्या तडाख्यात सापडलेल्याने आपली चूक सुधारली, तरी पुढचा पेंग्विन येईपर्यंत सहसा सुटका नसे. आणि ऑक्टोबर २०१४ नंतरचा पेंग्विन उजाडला तो सप्टेंबर २०१६ मध्ये! शिक्षा संपलेल्या कैद्यास किल्ली सापडेना म्हणून दोन वर्षे कोठडीत ठेवावे, तशातलाच हा प्रकार.

कंपनीची बाजू मांडल्यावाचून तिला दोषी ठरविणे आम्हांस शोभणार नाही. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दुवा दिला की शोधयंत्र ती शिफारस समजते, हे कळताच शिफारशी विकत घेण्याचा धंदाच सुरू झाला. पानोपानी तेच ते शब्द कोंबून यंत्राला फसविणारे निघाले. सारे सूत्र उघड केले तर लबाडांचेच फावेल, हे कंपनीचे म्हणणे खोटे नाही. पांडा-पेंग्विनांनी पुष्कळ कचरा काढला, हेही आम्ही मान्य करतो.

परंतु या युक्तिवादाचा शेवट कोठे होतो, ते पाहण्यासारखे आहे. कंपनीच्या माणसाने तपासून ज्याला लबाड ठरविले, त्या संकेतस्थळाला रीतसर नोटीस मिळते, कारण कळते, फेरविचाराचा अर्जही करता येतो. ज्याने कसलाही गुन्हा केला नाही आणि जो आकडेमोडीच्या फेऱ्यात मागे पडला, त्याला नोटीस नाही, कारण नाही, अर्जाला जागा नाही. अशा पानांत काही दोष असेलच असे नाही, हे कंपनी स्वतःच सांगते! म्हणजे चोराला सुनावणी आणि सावाला नुसता निकाल. फेरबदल सुरू झाल्याची दवंडी अलीकडे पिटली जाते. पण हुकूम कोणता आणि तो कोणावर बजावला, हे दवंडीवाला सांगत नाही.

न्यायालयाची पायरी चढून तरी काय मिळाले? २००३ साली अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या न्यायालयाने, क्रमवारी हे कंपनीचे मत आहे आणि मतस्वातंत्र्याला घटनेचे संरक्षण आहे, असे सांगून एका तक्रारदाराला परत पाठविले. ब्रिटनमधील शिवॉन व ॲडम रॅफ या दांपत्याचे 'फाउंडेम' हे भावतुलनेचे संकेतस्थळ २००६ साली निकालांतून जवळजवळ नाहीसे झाले. त्यांनी २००९ मध्ये युरोपीय आयोगाकडे धाव घेतली. २०१७ मध्ये आयोगाने गूगलला २४२ कोटी युरो दंड केला. तो युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात कायम झाला सप्टेंबर २०२४ मध्ये. फाउंडेम मात्र २०१६ मध्येच बंद पडले होते. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने २०१८ साली शोधातील पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने दंड भरला तरी उजाडलेले दुकान त्याने पुन्हा उभे राहत नाही.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. सूत्र गुप्त राहो. पण ज्याची वर्दळ एका फेरबदलाने कोसळली, त्याला कोणत्या कसोटीवर तो उणा ठरला हे कळले पाहिजे, आणि यंत्राची चूक दाखविण्यासाठी एक जिवंत माणूस ऐकून घेणारा असला पाहिजे. युरोपीय संघाच्या १२ जुलै २०२० पासून लागू झालेल्या नियमाने क्रमवारीचे मुख्य निकष जाहीर करणे शोधयंत्रांस भाग पाडले. ही वाट पहिल्याच टप्प्यावर थांबता कामा नये. जेथे एकाच्या हाती अनेकांची भाकर आहे, तेथे त्याची मर्जी ही खासगी बाब उरत नाही.

आणि संकेतस्थळे चालविणाऱ्या आमच्या बांधवांनाही एक शब्द. आज आपल्या गावातील खाणावळवाला, साड्यांचा व्यापारी, शिकवणी घेणारा शिक्षकही याच रस्त्यावर बसला आहे. गिऱ्हाइकांचे पत्ते व दूरध्वनी आपल्या वहीत ठेवा. त्यांना तुमचे नाव घेऊन तुमच्या दाराशी येण्याची सवय लावा. हक्कासाठी भांडावे लागेलच. पण भांडण संपेपर्यंत चूल पेटती राहिली पाहिजे.